जुन्या टॅक्स क्रेडिटची वसुली : ५,३५७ पौंडांतलं खरं देणं किती?

वाचकाचं पत्र : आम्ही मूळचे पेडण्याचे. पोर्तुगीज पासपोर्टवर २०१२ साली स्विंडनला आलो. नवरा वेअरहाउसमध्ये, मी अर्धवेळ साफसफाईच्या कामाला. चाइल्ड आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट हे मुलांसाठीचे आणि कमी पगाराला जोड देणारे सरकारी भत्ते मिळून आठवड्याला दीडशे पौंड यायचे. २०१६ साली ४ जूनला मी दोन्ही लहान मुलांना घेऊन सहा आठवड्यांसाठी गावी गेले. निघण्याआधी फोन करून सांगितलंही होतं. तिकडे सासूबाई आजारी पडल्या, बांबोळीला गोवा मेडिकलमध्ये होत्या, आणि परत यायला १७ सप्टेंबर उजाडला. मुक्काम वाढल्याचं कळवायचं राहून गेलं. पुढच्या मार्चमध्ये चौकशी झाली, नव्याने अर्ज करा म्हणाले, तो ६ एप्रिलपासून मंजूर झाला. मध्ये सगळं शांत होतं. आता त्या भत्त्यांच्या जागी युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं आणि पत्र आलं की टॅक्स क्रेडिटचे ५,३५७ पौंड जादा दिले गेले होते, ते दरमहा कापणार. मी पंधरा आठवडे बाहेर होते हे खरं. पण पंधरा आठवड्यांचे फार तर सव्वादोन हजार होतात, पाच हजार कुठून आले? फोन केला की एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. भरून टाकू की भांडू? – एक वाचक, स्विंडन

ताई, पंधरा आठवड्यांचे पाच हजार कसे, हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. तुमच्या तारखा खऱ्या धरल्या तर या रकमेतला फार मोठा भाग माफ होण्याजोगा आहे. पण तो आपोआप माफ होत नाही. विशिष्ट नावाने, विशिष्ट खात्याकडे, लेखी मागावा लागतो. तो मागितल्याशिवाय भरू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका.

आधी आकडा कुठून आला ते पाहू. टॅक्स क्रेडिटमध्ये नवरा-बायकोचा दावा एकत्र असे आणि दोघंही ब्रिटनमध्ये असणं ही त्याची अट होती. तात्पुरतं बाहेर गेल्यास पहिले आठ आठवडे तुम्ही देशातच आहात असं धरलं जाई. त्याहून जास्त राहिलात की त्या दिवशी एकत्र दावा संपला. नुसता थांबला नाही, संपला. तुम्ही १७ सप्टेंबरला परत आलात, घर तेच, नवरा तोच, पण कायद्याच्या दृष्टीने जुना दावा पुन्हा जिवंत झाला नाही. नवा अर्ज करायला हवा होता, आणि ते तुम्हाला मार्चपर्यंत कोणी सांगितलं नाही. त्यामुळे खात्याने आठ आठवडे संपल्यापासून, म्हणजे ३० जुलै २०१६ पासून ५ एप्रिल २०१७ पर्यंत मिळालेला प्रत्येक पौंड जादा ठरवला. हे २५० दिवस होतात. आठवड्याला १५० या दराने बरोबर ५,३५७ पौंड. तुमच्या पत्रातला आकडा तंतोतंत जुळतो, म्हणून हिशोब असाच झाला असणार असं आम्ही खात्रीने म्हणतो. तरी वर्षवार फोड लेखी मागवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

आता या २५० दिवसांचे तीन तुकडे करा.

पहिला तुकडा ३० जुलै ते २६ ऑगस्टचा, चार आठवड्यांचा, ६०० पौंडांचा. आठ आठवड्यांची मर्यादा आजारपणात बारा आठवड्यांपर्यंत वाढत असे. आजारी माणूस तुम्ही स्वतः, जोडीदार, मूल किंवा दोघांपैकी कोणाचेही आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण असले तरी चाले. सासूबाई त्यात बसतात. नियमात आणखी एक गोष्ट होती. प्रवास मुळात आजारपणासाठी नसला, पण मुक्काम आजारपणामुळे वाढला, तरी सवलत लागू होई. तुमचं नेमकं तसंच झालं. म्हणजे दावा ३० जुलैला नव्हे, २७ ऑगस्टला संपायला हवा होता.

दुसरा तुकडा २७ ऑगस्ट ते १६ सप्टेंबरचा. तीन आठवडे, ४५० पौंड. इथे तुमची बाजू कमकुवत आहे. बारा आठवडे उलटले होते आणि कळवलं नव्हतं.

तिसरा तुकडा १७ सप्टेंबर ते ५ एप्रिलचा, २०१ दिवसांचा, ४,३०७ पौंडांचा. या काळात तुम्ही सगळे स्विंडनमध्ये होतात, दोघं काम करत होतात, मुलं सोबत होती. अर्ज वेळेवर केला असता तर हे पैसे हक्काने मिळालेच असते. आणि खरी लढाई या तुकड्याची आहे.

यासाठी एचएमआरसीचं, म्हणजे टॅक्स क्रेडिट देणाऱ्या ब्रिटनच्या कर खात्याचं, स्वतःचं धोरण आहे, जानेवारी २०१० पासूनचं. घरातला बदल उशिरा कळवल्यामुळे जुना दावा संपला, पण नवा अर्ज वेळेवर केला असता तर अमुक रक्कम मिळाली असती, तर तेवढी रक्कम वसुलीतून वजा करता येते. याचं नाव ‘नोशनल एन्टायटलमेंट’. हे दोन शब्द कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. ‘माझ्यावर अन्याय झाला’, ‘मला परवडत नाही’ अशा वाक्यांना जे उत्तर मिळतं, त्याहून वेगळं उत्तर या शब्दांना मिळतं, कारण त्यांना त्या नियमाखाली तपासणी करावी लागते. खातं आपणहून ही वजावट करेलच असं धरून चालू नका. तुमच्यासारखी हजारो माणसं मागत नाहीत आणि पूर्ण रक्कम फेडत राहतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. जाणूनबुजून फसवणूक केली असेल तर ही सवलत मिळत नाही. म्हणून पत्रात प्रामाणिकपणे लिहा की मुक्काम वाढल्याचं कळवायचं राहिलं. ते लपवलं तर प्रवासाच्या नोंदीत दिसेलच, आणि मग बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल.

आता दोन खात्यांची टोलवाटोलवी. टॅक्स क्रेडिट देत होतं एचएमआरसी. ५ एप्रिल २०२५ ला ही योजना कायमची बंद झाली. ज्यांनी युनिव्हर्सल क्रेडिट घेतलं त्यांची जुनी टॅक्स क्रेडिटची देणी डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट देणाऱ्या खात्याकडे, वर्ग झाली. वर्ग करताना एचएमआरसी ‘टीसी ११३१’ नावाचं पत्र पाठवतं. त्यात कोणत्या करवर्षाचे किती हे लिहिलेलं असतं. ते तुम्हाला आलं नसेल, किंवा जुन्या पत्त्यावर गेलं असेल. त्यानंतर डीडब्ल्यूपीच्या कर्जविभागाचं पत्र येतं, त्यात फक्त एकूण आकडा. हेच पत्र तुमच्या हातात आहे. रक्कम बरोबर की चूक, यावर डीडब्ल्यूपी निर्णय घेऊ शकत नाही, ते फक्त वसूल करतात. म्हणून रकमेचा वाद एचएमआरसीशी घाला आणि हप्ता कमी करण्याची विनंती डीडब्ल्यूपीला करा. फोनवर कोणी उलट सांगितलं तर त्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा, पण वाद घालत बसू नका.

एचएमआरसीशी बोलताना तीन वेगळे मार्ग आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला, निर्णयच चुकला, म्हणजे आठऐवजी बारा आठवडे धरायला हवे होते. त्याला ‘मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन’ म्हणतात. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ३० दिवस, सबळ कारण असल्यास त्यावर आणखी १२ महिने. २०१६-१७ चा अंतिम निर्णय तुम्हाला २०१७ मध्ये मिळाला असेल तर ही मुदत केव्हाच गेली. पण ‘मध्ये सगळं शांत होतं’ असं तुम्ही लिहिता. त्या काळात घर बदललं होतं का? निर्णयाची नोटीस तुम्हाला कधी मिळालीच नसेल तर तिची प्रत, तारीख आणि पाठवलेला पत्ता मागा. नोटीस योग्य पत्त्यावर दिलीच नसेल तर मुदत सुरू कधी झाली, हा रास्त मुद्दा होतो. हे जमलं तर ६०० पौंड सुटतात. नाही जमलं तरी खचू नका, मोठी रक्कम या मार्गावर नाहीच.

दुसरा मार्ग वसुलीवरचा आक्षेप, म्हणजे ‘डिस्प्यूट’. फॉर्म ‘टीसी ८४६’. यात तुम्ही म्हणता की जादा पैसे गेले हे मान्य, पण चूक खात्याची, माझी नाही. याचे नियम ‘सीओपी २६’ या पुस्तिकेत आहेत. तुमची कर्तव्यं अशी : खरी माहिती देणं, बदल महिनाभरात कळवणं, अवॉर्ड नोटीस (मंजूर रकमेचं पत्र) वाचून चूक असल्यास कळवणं. खात्याची कर्तव्यं अशी : बरोबर सल्ला देणं, तुम्ही सांगितलेलं बरोबर नोंदवणं आणि ३० दिवसांत कार्यवाही करणं. तुम्ही तुमची सगळी पाळली आणि खात्याने त्यांचं एखादं मोडलं, तर त्या चुकीने गेलेली रक्कम ते मागत नाहीत. यालाही मुदत आहे, अंतिम निर्णयापासून तीन महिने, अपवादात्मक कारण असेल तर सूट. निघण्याआधीचा तुमचा फोन उपयोगी आहे, पण त्याचं वजन मर्यादित आहे. तुम्ही सहा आठवडे सांगितले होते, तेवढ्याला काहीच अडचण नव्हती. त्या फोनने इतकं दिसतं की तुम्ही प्रवास लपवत नव्हता, आणि नोशनल एन्टायटलमेंट मागताना तेच दाखवायचं आहे. मार्च २०१७ मधल्या चौकशीआधीचा एखादा फोन मात्र जास्त मोलाचा असू शकतो. समजा ऑक्टोबरमध्ये एखाद्या कामासाठी फोन केला असताना, तुम्ही परत आल्याचा उल्लेख केला असेल आणि समोरच्याने ‘नवा अर्ज करा’ म्हटलं नसेल, तर चूक त्यांच्याकडे सरकते.

तिसरा मार्ग नोशनल एन्टायटलमेंटचा, वर सांगितलेला. पत्रात हीच मुख्य मागणी ठेवा आणि बाकीचे मुद्दे तिच्या मागे लावा.

पुरावे गोळा करायला आजच बसा. २०१६ मधला पोर्तुगीज पासपोर्ट टाकून दिला नसेल अशी आशा आहे. त्यात दाबोळीचे भारतात आल्याचे आणि गेल्याचे शिक्के असतील. दोन्ही पानांची रंगीत प्रत काढा. एखादा शिक्का पुसट असतो, आणि ४ ची तारीख १४ वाचली गेली तर सगळं गणित फिरतं. म्हणून सोबत विमान कंपनीची ई-मेल किंवा तिकिटाची प्रत जोडा. सासूबाईंचे गोवा मेडिकलचे डिस्चार्जचे कागद, तारखेसह. कागद मराठीत किंवा कोंकणीत असतील तर इंग्रजी भाषांतर. सासूबाईंचं आणि नवऱ्याचं नातं दाखवणारा जन्मदाखला. सप्टेंबर २०१६ नंतर तुम्ही सगळे इथे होतात हे दाखवायला नवऱ्याच्या आणि तुमच्या पगाराच्या स्लिपा, २०१६-१७ चे दोघांचे पी ६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), मुलांच्या नर्सरीची बिलं, जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) नोंदी, काउन्सिल टॅक्सचं बिल. पी ६० हरवले असतील तर त्या वर्षीची मिळकत एचएमआरसीच्या ऑनलाइन खात्यावर दिसते का पाहा, किंवा मालकाकडे मागा.

मिळकतीचा आकडा खास तपासा, कारण एचएमआरसी नोशनल रक्कम काढताना त्यावरूनच काढणार. टॅक्स क्रेडिट सुरुवातीला मागच्या वर्षीच्या मिळकतीवर दिलं जाई आणि वर्ष संपल्यावर खऱ्या मिळकतीवर पक्कं होई. मिळकत वाढली तर २०१६-१७ मध्ये पहिल्या २,५०० पौंडांची वाढ सोडून दिली जाई, त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ४१ पेन्स कमी. उदाहरणार्थ, आधीच्या वर्षी १५,००० आणि त्या वर्षी २१,००० असेल तर हिशोबाला १८,५०० धरत. ३,५०० चे ४१ टक्के, म्हणजे १,४३५ पौंड वर्षाला कमी. नवऱ्याने त्या वर्षी खूप ओव्हरटाइम केला असेल तर नोशनल रक्कम ४,३०७ पेक्षा कमी येईल. ते समजूनच मागणी करा, म्हणजे उत्तर आल्यावर धक्का बसणार नाही. पहिल्या दोन तुकड्यांच्या सात आठवड्यांतही, तुम्ही बाहेर असताना, नवऱ्याचा एकट्याचा दावा धरून काही मिळालं असतं का, हे त्यांना तपासायला लावा. त्यातून ४५० मधलंही काही कमी होऊ शकतं.

फोनच्या नोंदींसाठी एचएमआरसीकडे ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’, म्हणजे आपल्याविषयीच्या नोंदी मागणारा अर्ज, द्या. ती फुकट आहे, उत्तराची मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने. नुसतं ‘माझी सगळी माहिती द्या’ असं मागू नका. नेमकं लिहा : २०१६-१७ आणि २०१७-१८ या वर्षांच्या अवॉर्ड नोटिसा, पाठवलेली पत्रं आणि त्यांचे पत्ते, ‘हाउसहोल्ड नोट्स’ आणि फोनचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग इतक्या वर्षांनी राहिलं नसलं तरी हाउसहोल्ड नोट्समध्ये कर्मचाऱ्याने प्रत्येक फोननंतर टाइप केलेल्या ओळी असतात, आणि बहुतेक प्रकरणं त्या ओळींवरच फिरतात. दावा एकत्र होता, म्हणून नवऱ्याची रिक्वेस्ट वेगळी द्या, त्याच्या सहीने.

पत्र इंग्रजीत, एका पानात लिहा. वर दोघांची नावं, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि करवर्ष २०१६-१७. पहिल्या परिच्छेदात मागणी : ‘आम्ही नोशनल एन्टायटलमेंटचा विचार करण्याची विनंती करत आहोत.’ दुसऱ्यात तारखा, ओळीने : गेले कधी, सासूबाई दवाखान्यात कधी, परत कधी, नवा अर्ज कधी. तिसऱ्यात वरचे तीन तुकडे आणि प्रत्येकाची रक्कम. चौथ्यात नोटिशीची प्रत आणि बारा आठवड्यांचा मुद्दा. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी. मूळ कागद कधीच पाठवू नका. पत्र ‘साइन्ड फॉर’ (सही घेऊन पोचवणाऱ्या) टपालाने पाठवा आणि पावती ठेवा.

तोवर हप्ता कापला जाईल का? जाईल. वाद चालू असला तरी वसुली सहसा थांबत नाही. मात्र एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून युनिव्हर्सल क्रेडिटमधून सर्व कपाती मिळून स्टँडर्ड अलाउन्सच्या (भत्त्याच्या मूळ रकमेच्या) १५ टक्क्यांपर्यंतच मर्यादा आहे, पूर्वी ती २५ होती. पंचविशीपुढच्या जोडप्याला २०२५-२६ च्या दराने स्टँडर्ड अलाउन्स महिना ६२८.१० पौंड होता, म्हणजे जास्तीत जास्त ९४ पौंडांच्या आसपास. तेही भारी जात असेल तर डीडब्ल्यूपीच्या कर्जविभागाला फोन करून महिन्याचा जमाखर्च सांगा : भाडं, वीज-गॅस, मुलांच्या शाळेचा खर्च. हप्ता कमी होतो. युनिव्हर्सल क्रेडिट पुढे बंद झालं तर ते थेट पगारातून कापू शकतात, आणि त्यासाठी त्यांना कोर्टाचा आदेश लागत नाही. ‘सहा वर्षांनंतर कर्ज बुडतं’ असं कुणी सांगितलं असेल तर ते इथे खरं नाही. ती मुदत कोर्टात जाण्याला आहे, भत्त्यातून किंवा पगारातून कापण्याला नाही. नोशनलची वजावट मंजूर झाली आणि तोवर जास्त कापलं गेलं असेल, तर फरक परत मागा.

एचएमआरसीने नकार दिला किंवा महिनोन्‌महिने उत्तरच दिलं नाही तर औपचारिक तक्रार करा. तिचे खात्यात दोन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यानंतर ॲडज्युडिकेटरकडे (खात्याविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) जाता येतं, त्याही पुढे तुमच्या खासदारामार्फत पार्लमेंटरी ऑम्बुड्‌समनकडे. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत जाताना हे पान आणि कागदांची फाइल घेऊन जा. नोशनल एन्टायटलमेंट हे नाव तिथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक असेलच असं नाही.

स्विंडन, साउथॉल, लेस्टरला एकाच घरात दोन-तीन कुटुंबं भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१४ ते २०१६ मध्ये टॅक्स क्रेडिटची तपासणी कॉन्सेन्ट्रिक्स या खासगी कंपनीला दिली होती. त्या काळात एकट्या आयांना ‘तुमच्या पत्त्यावर दुसऱ्या पुरुषाचं नाव आहे, तो तुमचा जोडीदार’ असं म्हणून पैसे बंद केले गेले. एकीचा जोडीदार म्हणून चक्क आर. एस. मॅकॉल या दुकानांच्या साखळीचं नाव लावलं होतं. २०१६ मध्ये सरकारने त्या कंपनीचा करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. तुमच्या जुन्या देण्याचं कारण असंच ‘न सांगितलेला जोडीदार’ असेल तर तुमचा मार्ग वेगळा. तिथे भाडेकरार, वेगळी बँक खाती आणि त्या माणसाचा स्वतःचा संसार वेगळा असल्याचा पुरावा लागतो.

आणि ताई, यंदा गावी जाणार असाल तर जुने आठ आठवडे डोक्यातून काढून टाका. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एक महिनाच चालतो. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला आणि लगेच परतणं शक्य नसेल तर आणखी एक महिना मिळू शकतो, पण सासूबाईंच्या आजारपणाला आता सवलत नाही. चाइल्ड बेनिफिटला मात्र अजून आठ आठवडे आणि आजारपण-मृत्यूच्या कारणाने बारा आठवडे चालतात. २०२५ मध्ये एचएमआरसीने प्रवासाच्या नोंदी पाहून सुमारे २३,५०० कुटुंबांचं चाइल्ड बेनिफिट थांबवलं होतं. त्यातली कितीतरी माणसं केव्हाच परत आलेली होती, फक्त परतल्याची नोंद सापडत नव्हती. म्हणून येता-जाताचे दोन्ही बोर्डिंग पास सांभाळा, त्यांचा फोटो काढून स्वतःलाच ई-मेल करा, आणि निघण्याआधी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये तारखा लिहा, फोनवर नको.